भिंत किती हलेल? स्फोटाच्या लोडचं गणित आधी एक्सेलमध्ये

नागपूरच्या स्ट्रक्चरल इंजिनियरला डायनॅमिक्सची, म्हणजे क्षणाक्षणाला बदलणाऱ्या लोडच्या गणिताची, सवय लागतच नाही. आयएस १८९३ या भूकंपाच्या मानकाच्या २०१६ च्या आवृत्तीत आपलं शहर झोन २ मध्ये, म्हणजे सगळ्यात कमी धोक्याच्या पट्ट्यात. सॉफ्टवेअरला झोन सांगायचा, स्पेक्ट्रमचं बटण दाबायचं आणि चहा मागवायचा. पण देशभरातल्या स्फोटकांचे परवाने पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय याच शहरात आहे, अमरावती रोडनं बाजारगावकडे निघालं की स्फोटकांचे कारखाने लागतात आणि उमरेड-चंद्रपूरकडे कोळशाच्या खुल्या खाणी आहेत. त्यामुळे कधी ना कधी कोणीतरी नकाशाची गुंडाळी घेऊन येतंच: "मॅडम, कंट्रोल रूमची ही भिंत स्फोटात टिकेल का, तेवढं तपासून द्या."

माझ्याकडे अशी पहिली गुंडाळी आली तेव्हा मी दाब बघितला, भिंतीची ताकद बघितली आणि भिंत दुप्पट जाड करा म्हणून सांगून मोकळी झाले. ते चुकलं होतं. का चुकलं, ते खालच्या उदाहरणात दिसेल. आकडे माझ्या सरावाच्या शीटमधले आहेत, कोणत्याही खऱ्या इमारतीचे नाहीत. शीट उघडून सोबत करत चला. नुसतं वाचून हे डोक्यात बसत नाही.

लोड: दोन आकडे हवेत, एक नाही

किती स्फोटक, किती अंतरावर, हे ग्राहकाच्या सुरक्षा अहवालातून येतं. ते आपण ठरवायचं नाही. आपल्याला त्यातून भिंतीवरचा दाब आणि तो टिकण्याचा वेळ काढायचा असतो. १९६८ च्या आयएस ४९९१ या स्फोटाच्या मानकातला तक्ता एक टन स्फोटकासाठी आहे. इतर वजनाला घनमुळाचा नियम लावायचा: अंतराला वजनाच्या घनमुळानं भागा आणि तक्त्यात शिरा. १९१५ च्या सुमारास हॉपकिन्सन आणि पुढे क्रांझ यांनी मांडलेला हा नियम आजही सगळ्या पद्धतींच्या मुळाशी आहे. माल आठपट झाला तर तोच दाब दुप्पट अंतरावर जाणवतो, आठपट अंतरावर नाही.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात मी पडलेली आहे. तक्त्यातून दाब जसाच्या तसा उचलायचा, पण वेळ घनमुळानं गुणून घ्यायचा. १२५ किलो म्हणजे ०.१२५ टन, घनमूळ ०.५. तक्त्यात ४० मिलिसेकंद दिसले तर आपल्या भिंतीला २०. हे विसरलात की इम्पल्स (दाब आणि वेळ मिळून बसणारा एकूण धक्का) दुप्पट होतो आणि पुढचं सगळं गणित सुबकपणे चूक निघतं.

आपल्या उदाहरणात येणाऱ्या लाटेचा दाब ३० किलोपास्कल धरू. ही लाट भिंतीवर समोरून आदळते, हवा दाबली जाते आणि भिंतीला दुपटीहून थोडा जास्त दाब जाणवतो. सूत्र असं: लाटेच्या दाबाची दुप्पट, गुणिले (वातावरणाच्या दाबाची सातपट अधिक लाटेच्या दाबाची चौपट), भागिले (वातावरणाच्या दाबाची सातपट अधिक लाटेचा दाब). नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या थोडं वर, म्हणून हवेचा दाब ९७.५ घेतला. उत्तर ६७.६. समुद्रसपाटीचा १०१ घेतला असता तर ६७.३. म्हणजे या उंचीसाठी वाद घालू नका. मी ६७.५ धरते.

दाब खरं तर घातांकी वक्रासारखा उतरतो. हाताच्या गणिताला त्याच्या जागी काटकोन त्रिकोण घ्या: शून्य वेळेला पूर्ण दाब, २० मिलिसेकंदांना शून्य. त्रिकोणाचं क्षेत्रफळ मूळ इम्पल्सइतकं ठेवायचं, म्हणजेच वेळ = इम्पल्सच्या दुप्पट भागिले दाब.

लाट कडेनं वळसा घालून गेली की समोरचा परावर्तित दाब लवकर उतरतो, त्याची सूट मिळते का तेही बघून घ्या. ही सूट मिळायला लागणारा वेळ म्हणजे उंची किंवा अर्धी रुंदी यातलं जे कमी असेल त्याची तिप्पट भागिले लाटेचा वेग. वेग साधारण ३९० मीटर प्रति सेकंद, भिंत ४ मीटर उंच, म्हणजे ३१ मिलिसेकंद. आपला लोड २० मध्येच संपतो. सूट नाही.

भिंत: एक वस्तुमान, एक स्प्रिंग

२०० मिमी जाडीची आरसीसी भिंत, खालचा स्लॅब ते वरचा स्लॅब ४ मीटर, दोन्ही टोकं साधी टेकलेली. एम २५ काँक्रीट, एफई ५०० सळई, दोन्ही तोंडांना १२ मिमीची, दर १५० मिमीवर एक. १ मीटरची पट्टी घ्यायची.

स्फोटात ताण इतका झपकन येतो की सळई आणि काँक्रीट नेहमीपेक्षा जास्त ताकद दाखवतात. सळईला १.१७ आणि काँक्रीटला १.१९ नं गुणलं. सुरक्षिततेचे नेहमीचे गुणक इथे लावायचे नाहीत, कारण आपल्याला भिंतीची खरी ताकद हवी आहे. मोमेंटची, म्हणजे वाकवणारा जोर पेलण्याची, क्षमता सुमारे ७० किलोन्यूटन-मीटर आली. साध्या टेकूला प्रतिकार = ८ गुणिले ७० भागिले ४ = १४० किलोन्यूटन. ४ चौरस मीटरवर पसरला तर ३५ किलोपास्कल.

आता दोन आकडे शेजारी ठेवा. लोड ६७.५, ताकद ३५. स्टॅटिकच्या सवयीनं बघणारा इथेच "फेल" लिहून टाकतो. मीही तेच केलं होतं.

पुढे चला. स्टिफनेससाठी (भिंत वाकायला किती कडक आहे त्यासाठी) न तडकलेल्या आणि तडकलेल्या छेदाच्या जडत्वाची सरासरी घ्यायची: इथे सुमारे ३.९४ गुणिले १० चा आठवा घात, मिमीच्या चौथ्या घातात. ३८४ ईआय भागिले पाच एल-घन (ई म्हणजे काँक्रीटचा लवचीकता गुणांक, आय म्हणजे हे जडत्व, एल म्हणजे उंची) या ओळखीच्या सूत्रानं ११,८२६ किलोन्यूटन प्रति मीटर. पट्टीचं वजन २,००० किलो. पण भिंतीचं टोक हलत नाही आणि मध्य सगळ्यात जास्त हलतो, म्हणून सगळं वस्तुमान पूर्ण मोजायचं नाही. साध्या टेकूच्या, समान लोडच्या पट्टीला हा गुणक लवचीक टप्प्यात ०.७८ आणि सळई कायमची ताणली जाते त्या प्लॅस्टिक टप्प्यात ०.६६ असतो. सरासरी ०.७२, म्हणजे १,४४० किलो.

यातून तीन गोष्टी मिळतात. आवर्तनकाळ, म्हणजे भिंतीचा एक पूर्ण झोका, ६९ मिलिसेकंद. सळई वाहायला (कायमची ताणली जायला) लागते तेव्हाचं डिफ्लेक्शन, म्हणजे भिंतीच्या मध्याचं हलणं, १४० भागिले ११,८२६, म्हणजे ११.८ मिमी. आणि लोडचा वेळ भागिले आवर्तनकाळ ०.२९. या तिसऱ्या आकड्यातच सगळं आहे.

आमच्या सोसायटीच्या लोखंडी गेटवर पोरं क्रिकेट खेळताना बॉल मारतात. गेट हलायला लागतं तोवर बॉल खाली पडलेला असतो. बॉलनं गेटला किती जोरानं दाबलं हे गेटला कळतच नाही, किती वेग देऊन गेला तेवढंच कळतं. आपली भिंत जवळपास त्या गेटसारखी आहे. दाब तिच्या ताकदीच्या दुप्पट, पण तो इतका लवकर निघून जातो की भिंतीला मोडायला सवडच मिळत नाही.

आधी कागदावर अंदाज

शीट सुरू करायच्या आधी हे दोन मिनिटांत करा. एकूण लोड ६७.५ गुणिले ४ = २७० किलोन्यूटन. इम्पल्स = अर्धा गुणिले २७० गुणिले ०.०२ = २.७ किलोन्यूटन-सेकंद. त्या धक्क्यानं मिळालेली गतिज ऊर्जा = इम्पल्सचा वर्ग भागिले वस्तुमानाच्या दुप्पट = २,५३१ ज्यूल. भिंत ही ऊर्जा वाकून पचवते: २,५३१ भागिले १,४०,००० म्हणजे १८ मिमी, त्यात ११.८ चे निम्मे ६ मिळवा. २४ मिमी.

ही वरची मर्यादा आहे, कारण सगळा धक्का एका क्षणात बसला असं आपण धरलं. शीटचं उत्तर यापेक्षा थोडं कमी यायला हवं. २४ पेक्षा जास्त आलं तर शीट चुकलंय.

याच ओळीतून कळतं की पैसा कुठे लावायचा. जाडी २०० ची २५० केली, सळई तीच ठेवली, तर वस्तुमान आणि मोमेंट दोन्ही वाढतात आणि त्या १८ मिमीचे ११ होतात. उलट स्टिफनेस पूर्ण न तडकलेला घेतला तरी २४ चे २१.६ एवढाच फरक. म्हणून जडत्वावरून डोकं पिकवू नका. वस्तुमान आणि सळई नीट मोजा.

शीट

सहा रकाने: वेळ, लोड, प्रतिकार, त्वरण, वेग, डिफ्लेक्शन. टाइम स्टेप ०.५ मिलिसेकंद, म्हणजे लोडच्या कालावधीचे ४० तुकडे. पद्धत सेंट्रल डिफरन्स. १९५९ ची न्यूमार्कची पद्धत मोठ्या प्रोग्रॅममध्ये असते आणि तिचं सरासरी-त्वरणाचं रूप कितीही मोठ्या स्टेपला फुटत नाही. पण भिंत वाहायला लागली की तिला प्रत्येक स्टेपमध्ये पुन्हापुन्हा जुळवून घ्यावं लागतं. एक्सेलमध्ये ती कटकट कशाला? सेंट्रल डिफरन्सची अट एवढीच, की स्टेप आवर्तनकाळ भागिले पाय (३.१४) याहून लहान हवी. इथे ती मर्यादा २२ मिलिसेकंद, आपण तिच्या जवळपासही नाही.

प्रत्येक ओळीत:

त्वरण = (लोड − प्रतिकार) भागिले १,४४०.
नवा वेग = जुना वेग + त्वरण × स्टेप.
नवं डिफ्लेक्शन = जुनं + नवा वेग × स्टेप.
नवा प्रतिकार = जुना प्रतिकार + स्टिफनेस × डिफ्लेक्शनमधला बदल, आणि तो १४० च्या वर किंवा उणे १४० च्या खाली जाऊ द्यायचा नाही.

शेवटच्या ओळीत मिन आणि मॅक्स ही दोन फंक्शन एकात एक घातली की झालं. जुन्या प्रतिकारात बदल मिळवत गेल्यामुळे भिंत परतताना आपोआप नव्या जागेवरून उतरते, वेगळी अट लिहावी लागत नाही. थेट स्टिफनेस गुणिले डिफ्लेक्शन असं लिहाल तर परतीचा प्रवास चुकेल.

पहिल्या ओळीत वेग अर्ध्याच स्टेपचा घ्यायचा. हे सगळे विसरतात. तुमचं शीट जुळतंय का बघा: पहिलं त्वरण १८७.५ मीटर प्रति सेकंद वर्ग. अर्ध्या स्टेपचा वेग ०.०४६९ मीटर प्रति सेकंद. पहिलं डिफ्लेक्शन ०.०२३ मिमी. दुसऱ्या ओळीत लोड २६३.२५, त्वरण १८२.६, वेग ०.१३८, डिफ्लेक्शन ०.०९३ मिमी. १० मिलिसेकंदांना सुमारे ७.२५ मिमी. साधारण १३.८ मिलिसेकंदांना सळई वाहायला लागते, तेव्हा वेग सुमारे १.१८ मीटर प्रति सेकंद. २० ला लोड संपतो, भिंत १८ मिमीवर आणि अजून पुढे जातेच आहे. २८ मिलिसेकंदांच्या आसपास ती थांबते: २१ मिमी.

कागदावरच्या २४ च्या खाली, पण फार खाली नाही. म्हणजे ठीक. आता स्टेप ०.२५ करून पुन्हा चालवा. २१ तसंच राहिलं तर पुढे जा.

या २१ मिमीचा अर्थ काय? २,००० मिमीमध्ये २१, म्हणजे टेकूपाशी ०.६ अंशाचं वळण. दाबाच्या बाजूचं काँक्रीट चुरडायला लागतं ते साधारण २ अंशांना. डक्टिलिटी, म्हणजे सळई वाहायला लागली त्याच्या किती पट भिंत हलली, ती २१ भागिले ११.८, सुमारे १.८. कायमचा बाक ९ मिमी. भिंत तडकेल, रंग उडेल, आतली माणसं बाहेर येतील. मी दुप्पट जाड करायला सांगितलेली ती भिंत याच जातीची होती. दुसऱ्या दिवशी ग्राहकाला फोन करून "थांबा" म्हणताना फार लाज वाटली.

शिअर, म्हणजे टेकूपाशी भिंत कापली जाणं, तपासल्याशिवाय कागद मिटू नका. वाकून मोडणारी भिंत इशारा देते, शिअरमध्ये जाणारी देत नाही. टेकूवरची प्रतिक्रिया = ०.३९ × प्रतिकार + ०.११ × लोड. सळई वाहायच्या क्षणीचा प्रतिकार १४० आणि तेव्हा उरलेला लोड ८४ टाकले की ६४ किलोन्यूटन. मी मात्र सुरक्षित बाजूनं प्रतिकाराचे निम्मे, ७० धरते. आयएस ४५६ या काँक्रीटच्या मानकानुसार काँक्रीटची क्षमता सुमारे ९४. पुरतं. सळई वाढवली की प्रतिकार वाढतो आणि शिअरही वाढतो, हे विसरून जास्तीची सळई ओतणारे पुष्कळ पाहिलेत.

आणि टोकं? खरी भिंत ना पूर्ण साधी टेकलेली, ना पूर्ण जखडलेली. दोन्ही धरून चालवा. जखडलेलीला गुणक आणि स्टिफनेस वेगळे लागतात, आणि शिअर वाढतो.

मोठं सॉफ्टवेअर कधी

दरवाजाच्या चौकटीमुळे भिंत तुटक झाली, दोन भिंती आणि स्लॅब एकमेकांना ओढत असले किंवा स्फोट इतका जवळ असला की दाब भिंतभर सारखा नाही, तर एक वस्तुमान पुरत नाही. काँक्रीटला थेट भोक पडणं किंवा मागच्या तोंडाचे ढलपे उडणं तर या शीटला दिसतच नाही. तेव्हा एलएस-डायना किंवा अबॅकस एक्सप्लिसिटकडे जायचं. तिथे भिंतीचे बारीक घटक पाडून त्यांची जाळी करतात; बंदिस्त खोलीतला स्फोट असेल तर हवेचीही जाळी लागते, तो वेगळाच प्रपंच.

एक्सप्लिसिट पद्धतीत (आपल्या शीटसारखीच, एका स्टेपवरून थेट पुढची काढणारी) स्टेप तुम्ही ठरवत नाही, जाळी ठरवते. १९२८ मध्ये कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी दाखवलेली अट अशी, की एका स्टेपमध्ये लाटेनं एका घटकाहून पुढे जायचं नाही. काँक्रीटमध्ये लाट सुमारे ३,१६० मीटर प्रति सेकंद वेगानं जाते. २५ मिमीचा घटक घेतला तर स्टेप ८ मायक्रोसेकंदांच्या आत. कुठेतरी कोपऱ्यात एकच चिमुकला घटक राहिला तर सगळं मॉडेल त्याच्या चालीनं चालतं, मे महिन्यातल्या दुपारी सीताबर्डीत अडकल्यासारखं.

इथे माझे तीन हट्ट आहेत. जाळी निम्मी करून उत्तर बदलतंय का बघायचं. आवरग्लास ऊर्जा (घटकांच्या खोट्या वेड्यावाकड्या आकारांत गेलेली ऊर्जा) अंतर्गत ऊर्जेच्या ५ ते १० टक्क्यांवर गेली तर निकाल फेकून द्यायचा. आणि घटक गायब करण्याची सोय म्हणजे काँक्रीट फुटण्याचं भौतिकशास्त्र नव्हे, मॉडेल अडकू नये म्हणून केलेली तडजोड आहे. रंगीत चित्रात भोक दिसलं म्हणून भिंतीला भोक पडेलच असं नाही.

आणि शीटमधला आकडा शेजारी ठेवल्याशिवाय मोठं मॉडेल उघडायचंच नाही. एकदा ऑफिसातला मुलगा धावत आला, "मॅडम, भिंत एकदम सेफ, हललीच नाही!" खरंच, अॅनिमेशनमध्ये भिंत ढिम्म होती. त्यानं लोडचा वक्र शून्यापासून सुरू केला होता, १ मिलिसेकंदाला पूर्ण दाब, २० ला पुन्हा शून्य. प्रोग्रॅम एक्सप्लिसिट नव्हता, न्यूमार्कवाला होता, म्हणजे टाइम स्टेप आपणच सांगायची, आणि ती भूकंपाच्या जुन्या फाइलमधली तशीच राहिली होती: ०.०२ सेकंद. प्रोग्रॅमनं शून्याला डोळे उघडले, लोड शून्य. २० मिलिसेकंदांना उघडले, लोड शून्य. मधला अख्खा स्फोट त्यानं पाहिलाच नाही. त्याला २१ मिमीची शीट दाखवली तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग तर्री पोहे खायला गेलो.

परतीचा धक्का

शीट २८ मिलिसेकंदांवर थांबवू नका, १०० पर्यंत ओढा. डॅम्पिंग (झोके हळूहळू विझवणारा अवरोध) मी शून्य ठेवते, पहिल्या झोक्यावर त्याचा फारसा परिणाम होत नाही. भिंत २१ मिमीवरून परत फिरते आणि प्रतिकाराचा रकाना शून्य ओलांडून थेट उणे १४० च्या काठापर्यंत जातो. म्हणजे बाहेरच्या दिशेला तेवढीच ओढ. जाताना ताण आतल्या तोंडाच्या सळईवर, येताना बाहेरच्या.

म्हणून सळई दोन्ही तोंडांना सारखी, आणि वरच्या स्लॅबशी भिंतीचा जोड दोन्ही दिशांना धरणारा हवा. साइटवर एकदा मला बाहेरची जाळी बांधलेलीच दिसली नाही. कंत्राटदार म्हणाला, "ताई, धक्का बाहेरून येणार, ताण आत येणार, मग बाहेरची जाळी कशाला? तुम्हीच तर सांगितलं होतं." लॅपटॉप गाडीत होता. तिथेच सिमेंटच्या पोत्यावर ठेवून त्याला उणे १४० ची ओळ दाखवली. त्याला शीट कळली की माझा चेहरा, माहीत नाही, पण संध्याकाळपर्यंत १२ मिमीची सळई ट्रकमधून उतरली होती.